डोळ्यांवर हेडसेट, कंबरेत कळ

व्हीआर-एआरचा विषय निघाला की दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, आता शाळा आणि दवाखाना घरातच येणार. दुसरा म्हणतो, पोरं हातची जाणार. आपण दोन्ही सूर थोडे बाजूला ठेवू आणि बीड जिल्ह्यातलाच एक प्रश्न या यंत्रापुढे ठेवू. प्रश्न आहे दुखण्याचा.

आधी फायदा मोकळ्या मनानं मांडू. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ तयार केलं. ड्रेसिंग बदलताना रुग्ण हेडसेटमधल्या दरीत बर्फाचे गोळे फेकत असतो. लक्ष तिकडे गुंतलं की वेदना कमी जाणवते. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या एफडीएनं जुनाट कंबरदुखीसाठी ‘ईझव्हीआरएक्स’ला परवानगी दिली, घरच्या घरी, ८ आठवडे, इतर उपचारांच्या जोडीला. तेव्हा याला थोतांड म्हणून चालणार नाही.

आता हाच हेडसेट उसाच्या फडात नेऊन बघू. दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल अंगावर, दिवस चुकला की खाडा. वाकून तोडायचं, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरायची. कंबर दुखणार नाही तर काय होईल? २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीपुढे आकडा आला: जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. म्हणजे साधारण सहातली एक. शरीर काहीतरी सांगत होतं; आपण ते सांगणारा अवयवच काढून मोकळे झालो. खाडा, उचल, फडावर नसलेलं संडास-पाणी, सगळं जागच्या जागी राहिलं.

इथंच आपल्याला फरक करावा लागतो. भाजलेल्या रुग्णाच्या दुखण्याचं कारण डॉक्टरला ठाऊक आहे, त्यावर इलाज चालू आहे; तिथं घटकाभर विसरणं हे औषधच. फडात मात्र कारण रोज पहाटे नव्यानं सुरू होतं. तिथं विसरायला लावणारं यंत्र बाईच्या नव्हे, काम करवून घेणाऱ्याच्या सोयीचं ठरेल. घरातही हेच लागू आहे. आई-बाप फडावर गेलेल्या पोराला हेडसेटमध्ये रमवता येईल, पण त्याच्या हंगामी वसतिगृहाचं काय, हा प्रश्न तेवढ्यानं सुटत नाही.

दुसरा धोका नोंदीचा. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ५११ जणांच्या हालचाली तपासल्या. मान कशी वळते, हात कसा हलतो, एवढ्या पाच मिनिटांहून कमी नोंदीवरून ९५ टक्के माणसं ओळखू आली. नाव लपवता येतं, चालण्या-वळण्याची लकब कशी लपवणार? उद्या कोण कधी थकलं हेही यंत्राला कळेल, आणि तो हिशेब मुकादमाच्या वहीत गेला तर?

म्हणून यंत्र विकायला आलेल्याला दोन गोष्टी विचारायच्या. ज्याचा विसर पाडताय, त्याचं कारण कुणी दूर करतंय का? आणि आमच्या अंगाची नोंद कुणाच्या हातात जातेय? सरळ उत्तर मिळालं तर खुशाल लावा डोळ्यांना.