चर्मवाद्यांचें नादशास्त्र

शास्त्रीय निबंध वाङ्मयाच्या तराजूंत घालूं नयेत, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तें मान्य नाहीं. ज्या लेखनामुळें नित्य परिचयाची वस्तु नव्यानें दिसूं लागते, त्याचें परीक्षण करणें हें टीकाकाराचें कामच होय. चंद्रशेखर वेंकट रामन यांचा भारतीय चर्मवाद्यांवरील १९३४ सालचा इंग्रजी निबंध अशांपैकीं आहे. त्याचें सूतोवाच त्यांनीं शिवकाली कुमार यांच्यासह १९२० सालींच ‘नेचर’मध्यें केलें होतें.

प्रश्न साधा आहे. ताणलेली तार छेडली असतां मूळ कंपनाबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनें उठतात व सर्वांचा मिळून एक स्वर होतो. सर्वत्र सारख्या जाडीच्या गोल चामड्याचें तसें नाहीं. त्याचीं वरचीं कंपनें मूळच्या १.५९, २.१४, २.३० अशा विषम पटींत असतात. म्हणून त्यांत आवाज असतो, पण निश्चित स्वर सांपडत नाहीं. मग तबला आणि मृदंग षड्जाशीं कसे मिळतात? रामन यांचें उत्तर शाईंत आहे. या लेपानें चामडें मध्यभागीं जड होतें, आणि विसकळित कंपनें एक, दोन, तीन, चार, पांच अशा सरळ पटींत येऊन बसतात. पुडीवर बारीक वाळू पसरून स्थिर रेषा दाखविण्याची त्यांची रीत तर मुलांनाहि समजेल अशी आहे.

या निबंधाच्या आधारें आमच्या पूर्वजांस तरंगशास्त्र अवगत होतें, असें कोणी म्हणूं लागला, तर तें आम्हांस पटणार नाहीं. निबंध तयार वाद्याची उपपत्ति सांगतो. तेथवर माणसाचा कान कसा पोंचला, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा आहे. थरावर थर घोटून प्रत्येक वेळीं ऐकणाऱ्या कारागिराजवळ समीकरण नव्हतें. चोखंदळ कान होता. त्याला शास्त्रज्ञ ठरविणें म्हणजे त्याच्या खऱ्या गुणावर पांघरूण घालणें होय, आणि त्याला अडाणी म्हणणें हा तर उघड अन्याय.

वाचकांनीं एवढें करून पाहावें. तबलजी ‘ना’ वाजवितांना त्याची अनामिका शाईच्या कडेवर हलकेच टेकलेली असते. ती मूळ कंपन दाबते व वरचीं मोकळीं सोडते. हें एकदां कानाला उमगलें, कीं रामन यांचा निबंध निम्मा वाचून झाला असें समजावें.