सुखात्मे यांचे वकीलपत्र

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाची चर्चा प्रामुख्याने लीला बेणारेची कोंडी आणि मध्यमवर्गीय समूहाचे क्रौर्य या अंगांनी झाली आहे. ती रास्तच आहे. परंतु या अभिरूप न्यायालयात फिर्यादीची आणि आरोपीची अशा दोन्ही बाजू सुखात्मे हे एकच वकील चालवतात. या योजनेकडे केवळ विनोदाची सोय म्हणून पाहिले, तर एक मूलगामी प्रश्न निसटतो : अशील दोषी आहे की नाही, हे बचावाच्या वकिलाला ठाऊक असावे काय?

फिर्यादीचे वकील म्हणून सुखात्मे बेणारेचे खाजगी आयुष्य चव्हाट्यावर आणतात आणि मग जागा बदलून तिच्याच बचावाला उभे राहतात. प्रा. दामले यांच्यासारखे साक्षीदार पुकारले जातात, पण ते गैरहजर असतात. अखेर गुन्ह्याची भयंकरता मान्य करून सुखात्मे केवळ दयेची याचना करतात. जागा बदलली, मत तेच राहिले.

यावरून वकिलाने सोयीस्कर अज्ञानात राहावे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. नाटकाचा दाखला मात्र नेमका उलट आहे. बेणारेवर कलम ३०२ खाली भ्रूणहत्येचा आरोप आहे. पण गर्भ तर अद्याप तिच्या उदरात आहे! शिवाय भारतीय दंड संहितेच्या कलम २९९ च्या स्पष्टीकरणानुसार उदरस्थ बालकाचा मृत्यू घडवणे हा मनुष्यवध ठरतच नव्हता. वस्तुस्थिती जाणून घेणाऱ्या वकिलाच्या हाती येथे बचावाचा भक्कम मुद्दा लागला असता. सुखात्मे आपल्या अशिलाला काहीच विचारत नाहीत. तिचे प्रदीर्घ स्वगत प्रेक्षकांना ऐकू येते. तिच्या वकिलाला नाही. सुखात्मे ज्याला ज्ञान समजतात, ती केवळ कुजबुज आहे.

तेव्हा ‘जाणणे’ आणि ‘निवाडा करणे’ या दोन क्रिया वेगळ्या मानल्या पाहिजेत. आरोपीच्या दोषाविषयी स्वतःचे मत काहीही असले तरी वकिलाने त्याचा बचाव करावा, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात. मत असण्याला तेथे मनाई नाही. त्या मताला निकालाचा दर्जा मात्र नाही. अशिलाने कबुली दिली, तर वकिलाला त्याच्या मुखातून असत्य वदवता येणार नाही. परंतु फिर्यादीचा पुरावा पुरेसा आहे काय, हे विचारण्याचा त्याचा अधिकार आणि त्याचे कर्तव्य अबाधित राहते. जाणण्याची ही किंमत वाजवी आहे. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असे वकील संघटनांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी खटल्यात बेकायदेशीर ठरवले. अशा ठरावांत सुखात्मे यांचीच वृत्ती सामुदायिक होते : अशिलाचे ऐकण्याआधीच निकाल.

तसे झाल्यास काय घडते, हे तेंडुलकर काशीकरांच्या निवाड्यातून दाखवतात. ज्या कृत्याचा आरोप बेणारेवर आहे, तेच कृत्य, म्हणजे गर्भाचा नाश, न्यायासन शिक्षा म्हणून फर्मावते. बचावाच्या बाजूने ही विसंगती दाखवणारा कोणी उरलेला नसतो.