काचेपलीकडचा समुद्र कोणाचा?

मत्स्यालय म्हटलं की आपल्याला आधी काचेचा बोगदा आठवतो. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचं. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते पुन्हा उघडलं, तेव्हा गाजला तो ॲक्रिलिकचा बोगदाच. रस्त्यापलीकडे खुद्द अरबी समुद्र, आणि कौतुक परदेशी रंगीत माशांचं! मला हे खटकतं.

कॅलिफोर्नियातलं मॉन्टेरे बे ॲक्वेरियम १९८४ मध्ये सार्डिन डबाबंद करणाऱ्या जुन्या कारखान्याच्या जागी उभं राहिलं. तिथल्या २८ फूट उंच टाकीत केल्प या समुद्री शैवालाचं जंगल आहे. तसंच जंगल बाहेरच्या उपसागरातही आहे. टाकीतलं पाणीही तिथलंच. लोकांना नीट दिसावं म्हणून दिवसा ते गाळून घेतात, रात्री मात्र न गाळता सोडतात. त्यातून आलेले सूक्ष्म जीव टाकीतल्या प्राण्यांचं अन्न होतात, काही तिथेच रुजतात. आत आणि बाहेर समुद्र एकच, हे तिथे पाण्याचे पाइपच शिकवतात.

मुंबईचं पाणी गढूळ आहे, मान्य. पण आतलं निळंशार पाणी बघून बाहेर पडलेल्या मुलाला समोरचा समुद्र मेलेलाच वाटणार. हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला जिवंत प्रवाळ दिसतात, हे त्याला कळणार कुठून? आणि मेलेल्या समुद्रात भराव पडला, तर हळहळणार कोण?

पर्यटक बोगद्यासाठी येतात, येऊ देत. पण नवं मत्स्यालय बांधाल तेव्हा पहिली टाकी हाजी अलीच्या खडकांची ठेवा. भरती-ओहोटीसकट.