टीव्हीवरचा गुलाब कुणी लावला?

रातपाळी सुटली की मी तामलवाडीच्या नाक्यावर चहाला थांबतो. हॉटेलातला टीव्ही सकाळपासनं चालू असतो. जानेवारी-फेब्रुवारी आला की बातम्यांत फुलांची प्रदर्शनं लागतात. पुण्याचं एम्प्रेस गार्डन, मुंबईची राणीबाग. दोन मिनिटांची बातमी. पण मी ती कविता वाचावी तशी बघतो.

आधी फूल, अगदी जवळनं. पाकळीवर पाण्याचा थेंब. मग फीत कापणारे साहेब. मग बक्षीस मिळालेल्या बाई, झाडांवर पोटच्या पोरासारखी माया करतो म्हणून सांगणाऱ्या. मागं सनई. खलास. वर्षभर ती कुंडी उन्हातनं सावलीत कुणी हलवली? शेणखत कुणी कालवलं? कधी कोपऱ्यात पाइप धरलेला एक हात येतो, अन् कॅमेरा लगेच सरकतो. जणू विटाळ झाला.

दूरदर्शनच्या 'आमची माती आमची माणसं'मधलं फूल निराळं. तिथं पॉलीहाऊस, जरबेरा, एकरी खर्च, बाजारभाव. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं, निदान माती तरी दिसते. पण मी जे भाग बघितले त्यात बोलत होता सातबाऱ्याचा मालक. रोजानं तोडणारी बाई मागं वाकलेली, पाठमोरी. शहरात फूल म्हणजे सौंदर्य, खेड्यात फूल म्हणजे उत्पन्न, आणि मजूर दोन्हीकडं गायब.

माझी आई नवरात्राच्या तोंडावर दुसऱ्याच्या रानात झेंडू तोडायला जायची. माल तुळजापूरच्या बाजाराला. पहाटेच्या दंवात लुगडं गुडघ्यापर्यंत भिजायचं. बोटं काळी-हिरवी व्हायची, राखेनं घासली तरी निघायची नाहीत. तो रंग आमच्या नाक्यावरच्या रंगीत टीव्हीवर अजून आलेला नाही.

आणि पाणी? एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं. ती गाडी टीव्हीनं किती दाखवली! पण हिरवळीला पाणी किती लागतं, ते कुणाच्या वाट्याचं, हा सवाल बागकामाच्या एकाही कार्यक्रमात मी ऐकला नाही. 1927 ला महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्यापायी ज्यांची डोकी फुटली, त्यांच्या नातवंडांना तरी हा सवाल सुचायला पाहिजे.

पुण्याच्या फुलांची बातमी देतात, तीत जोतीराव कसे येत नाहीत? घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. पेशवाईत फुलं पुरवायचा धंदा, म्हणून फुले. त्याच घरातल्या माणसानं 1848 ला मुलींची शाळा काढली. एवढं एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

आता आपलंही बोलतो. ऑगस्ट 2024 ला बंगळुरूच्या लालबागेतलं प्रदर्शनच बाबासाहेबांच्या जीवनावर होतं. व्हिडिओ आले, आपण सगळ्यांनी पुढं ढकलले. मी पण. छाती फुगली, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्यांदा बघितला तेव्हा ध्यानात आलं, ती फुलं खोवणारं एकही माणूस त्यात नाही. आणि पहिल्यांदा बघताना मला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती. मग त्या कॅमेरावाल्याला कुठल्या तोंडानं शिव्या घालू?

राणीबाग भायखळ्याला, गिरणगावाच्या शेजारी. तिकडं राहणाऱ्या पोरांनी पुढच्या प्रदर्शनाच्या आदल्या रात्री जावं. कुंड्या उतरवणाऱ्यांशी बोलावं, गाव, रोज, काम विचारावं, लिहून पाठवावं. ते तयार असले तर नावासकट छापू.