कादंबरी जन्मली कुठे, हे ठरवतं कोण?

इंग्रजी साहित्याचा कोर्स घेतलात, तर इयन वॉट यांचं ‘द राइज ऑफ द नॉव्हेल’ (१९५७) वाचावं लागतंच. वॉट यांचं म्हणणं थोडक्यात असं: अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मध्यमवर्ग आणि वाचकवर्ग वाढला, प्रोटेस्टंट विचारामुळे एकट्या माणसाच्या मनाला महत्त्व आलं, आणि त्यातून डीफो, रिचर्डसन, फील्डिंग यांची वास्तववादी कादंबरी घडली.

मांडणी सुटसुटीत आहे, पण तिच्यात एक मेख आहे. ‘रोजच्या जगण्याचे बारीक तपशील म्हणजे कादंबरी’ अशी व्याख्या आधीच केली, की १६०५चा ‘डॉन किहोते’ आपोआप कडेला पडतो. मार्गारेट डूडी यांनी १९९६ मध्ये व्याख्याच रुंद केली आणि कादंबरीची मुळं थेट प्राचीन ग्रीक-रोमन गद्यकथांपर्यंत नेली. म्हणजे जन्मतारीख बरीचशी समीक्षकाच्या व्याख्येवर ठरते.

आता हेच मराठीला लावून पाहू. ‘कादंबरी’ हा शब्द आला बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या कथेच्या नायिकेवरून. पण मराठीतली पहिली कादंबरी म्हणून सहसा नाव घेतात ते बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’चं (१८५७). विषय विधवांचे हाल, लेखक ख्रिस्ती झालेले, आणि हेतू उघड प्रचाराचा. त्यानंतर १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, ती मात्र अद्भुतरम्य! अद्भुत मागे पडून वास्तव वर येतं, हा क्रम इथे चक्क उलटा झाला.

मग वॉट चुकले का? अर्धेच. ‘यमुनापर्यटन’मधली यमुना फिरते आणि दुसऱ्या बायकांचं दुःख पाहते. १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आलेल्या हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ मधली यमू स्वतःची गोष्ट स्वतः सांगते. नाव जवळजवळ तेच, पण बोलणारी बदलली. एकट्या माणसाचं मन हा वॉट यांचा निकष इथे नक्की उपयोगी पडतो. मात्र ते मन मराठीत बोलतं झालं त्यात विधवांच्या प्रश्नावरच्या वादाचा वाटा मोठा होता, आणि हे कारण लंडनच्या इतिहासात सापडणार नाही.

‘आपली कादंबरी म्हणजे इंग्रजीची उशिरा आलेली कॉपी’ असं आपल्यातले बरेच जण सहज म्हणून जातात. इंग्रजीचा प्रभाव होताच, तो नाकारायचं कारण नाही. पण पुढच्या वेळी असं म्हणण्याआधी या दोन यमुना शेजारी ठेवून वाचा. मधल्या तीसेक वर्षांत काय बदललं, ते वॉट यांना विचारण्याआधी त्या दोघींना विचारलेलं बरं.