ससुलीचे कान

आपल्या विनोदी वाङ्मयात बहिऱ्या माणसाची जागा फार दिवसांपासून ठरून गेलेली आहे. 'भात' म्हटले की तो 'हात' पुढे करतो आणि प्रेक्षागृह हसते. हसणाऱ्याला ऐकू येत असते, म्हणूनच तो हसतो. त्या बिचाऱ्याच्या कानी नेमके काय पडले, आणि भोवतालची माणसे एकाएकी का हसू लागली याचा त्याने काय अर्थ लावला, याची चौकशी करणारा नाटककार माझ्या तरी पाहण्यात नाही.

ही चौकशी सीसी बेल या अमेरिकन चित्रकर्तीने 'एल डेफो' या पुस्तकात केली आहे. ती स्वतः बहिरी आहे. चौथ्या वर्षी मेनिंजायटिस झाला, आणि त्या दुखण्यातून मूल वाचले पण कान गेले. व्हर्जिनिया राज्यात, गेल्या शतकाच्या आठव्या दशकात गेलेले आपले बालपण तिने चित्रकथेच्या रूपाने मांडले. पुस्तक 2014 साली निघाले. पुढच्याच वर्षी त्याला बालवाङ्मयासाठीचा न्यूबेरी ऑनर हा सन्मान आणि चित्रकथांसाठीचे आयस्नर पारितोषिक मिळाले. 2022 साली त्याचे तीन भागांचे चलच्चित्रही झाले. पण मला सांगायचे आहे ते पुस्तकाविषयीच.

यातली सगळी माणसे ससे आहेत. आई ससा, वडील ससा, बाई ससा! लांबलचक कानांच्या या जगात एकाच ससुलीचे कान निकामी आहेत, आणि तिच्या छातीवरच्या पेटीतून निघालेल्या दोन तारा त्या उभ्या कानांपर्यंत चढत गेलेल्या सर्वांना दिसतात. लपवायचे म्हटले तरी कसे लपवणार? चार पाने दुःख वर्णन करून जे साधले नसते, ते या दोन तारांनी साधले आहे.

याहूनही मोठी करामत फुग्यांची. चित्रकथेत पात्राच्या तोंडाशी बोलण्याचा फुगा असतो, हे 'इंद्रजाल'मधल्या वेताळावर वाढलेल्या आपल्या पिढीला सांगायला नको. दुखण्यानंतर सीसीभोवतीची माणसे बोलतात, तोंडे हलतात, आणि फुगे रिकामे! यंत्राची बॅटरी उतरू लागली की फुग्यातली अक्षरे फिकी होत जातात आणि शेवटी नाहीशी होतात. वाचणारा पान डोळ्यांजवळ धरतो, पण काही लागत नाही. त्या क्षणी बहिरा कोण असतो? आम्ही कादंबरीकार 'तिला काहीच ऐकू येईना' असे लिहून मोकळे होतो. वाचकाला ते समजते, पण त्याचे स्वतःचे कान शाबूत राहतात. इथे गद्य हरले हे मी खुशीने कबूल करतो.

ओठांवरून बोलणे ओळखण्याची कला सीसी लहानपणीच शिकते. ही कला वाटते तितकी सोपी नव्हे. दिवाळीच्या पहाटे आरशासमोर उभे राहून 'पाट' आणि 'माठ' हे शब्द आवाज न काढता म्हणून पाहा. ओठ दोन्ही वेळा सारखेच मिटतात. त्यातून बोलणाऱ्याला झुपकेदार मिशा असल्या, त्याने तोंड फिरवले, दिवा मालवला, की सगळेच खुंटले. म्हणजे इथेही भलतेच ऐकू येण्याचे विनोद आहेतच. मात्र आता आपण त्या मुलीच्या बाजूला बसून हसतो. जिनी नावाची मैत्रीण तिच्याशी मोठ्याने आणि एकेक शब्द तोडून बोलते, तेव्हा हसू जिनीचे येते. जिनी वाईट नाही. वर्गात असे मूल आले की आपण शिक्षकही नेमके हेच करतो.

बाईंच्या गळ्यात ध्वनिग्राहक, मुलीच्या छातीवर पेटी. बाई तो बंद करायला विसरल्या की शिक्षकांच्या खोलीतल्या गप्पा, आणि जिथले आवाज कोणी ऐकू नयेत तिथलेही, सगळे हिच्या कानात! म्हणून ती मनातल्या मनात 'एल डेफो' ही महावीरांगना होते. दूरदर्शनवरच्या एका गोष्टीत बहिऱ्या मुलाला चिडवण्यासाठी वापरलेला शब्दच तिने बिरुद म्हणून उचललेला आहे.

या ठिकाणी मात्र माझे लेखिकेशी थोडे भांडण आहे. बाई परत येत असल्याची वर्दी ती यंत्रामुळे आधीच देऊ शकते, मग वर्गाला धुडगूस घालता येतो, आणि ती सर्वांची लाडकी होते. प्रसंग मोठा गमतीचा आहे. पण मुलगी उपयोगी पडली म्हणून वर्गाने तिला आपली म्हटले, ही बाब हसण्याच्या भरात निसटून जाते. ज्या मुलाच्या छातीवर असली पेटी नाही, त्याने काय द्यावे? सुदैवाने मार्था ही शेजारची मैत्रीण पुस्तकात आहे. तिला सीसी हवी असते ती खेळायला, एवढ्याचसाठी. माझ्या मते पुस्तकाचे खरे काळीज तिथे आहे, त्या वीरांगनेच्या झग्यात नव्हे.

खुणांच्या भाषेचा प्रसंगही असाच विचारात पाडतो. आई हौसेने तिला त्या वर्गाला नेते, आणि मुलीला ते अजिबात रुचत नाही. आधीच लोक टकमक पाहतात, त्यात हातवारे कशाला! एखाद्या प्रचारकी लेखकाने इथे मुलीला शहाणी करून सोडले असते. सीसी बेलने तिचा हट्ट तसाच ठेवला आहे, आणि अखेरच्या टिपणात मात्र स्पष्ट केले आहे की बहिरेपण जगण्याच्या तऱ्हा अनेक आहेत, आपली त्यांतली एक. खुणांच्या भाषेतच लहानाची मोठी झालेली माणसे आपल्या बहिरेपणाला व्यंग मानीत नाहीत, हेही ती नोंदवते. आपल्याकडे तर परवापरवापर्यंत 'मूकबधिर' असा एकच जोडशब्द सर्रास चाले, जणू ऐकू न येणारा बोलतही नाहीच. हल्ली 'कर्णबधिर' म्हणतात. ही ससुली मात्र पानोपानी बोलते, भांडते, मनातल्या मनात तर अखंड बडबडते.

इंग्रजी सोपे आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला शेजारी घेऊन हे वाचावे. रिकामा फुगा आला म्हणजे मूल विचारील, 'यात काय लिहिलंय?' तेव्हा उत्तर देण्याची घाई करू नये.