मामाची वन एटीन आणि सॅम्पलचा घोळ

मागच्या रविवारी आईने मला अमरावतीहून अकोल्याला धाडलं. काम एकच, मामाला त्याची प्रीमियर ११८ एनई विकायला पटवणं. मामाचं उत्तर तयारच होतं, "अरे बाबू, अशी गाडी आता बनत नाई. चिखलदऱ्याच्या घाटात मारुती दम टाके, अन् हे आपली मजेत चढे."

आधी गाडीबद्दल थोडं. ही १९८५ मध्ये आली. अंग इटलीच्या फियाट १२४ चं, इंजिन निस्सानचं ए१२, ११७१ सीसी. एनई म्हणजे निस्सान इंजिन. हेच इंजिन १९७० मध्ये जपानच्या सनी सेदानमध्ये आलं होतं. सनीसारखीच हिलाही ताकद मागच्या चाकांना.

आता दावा पहिला, 'दणकट'. मी विचारलं, तुमच्याबरोबर ज्यांनी घेतल्या त्यांच्या गाड्या कुठे आहेत? मामा जरा थांबला. मग म्हणाला, गेल्या भंगारात. म्हणजे आपण मोजतोय फक्त टिकलेल्या! पेट किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनो, हा प्रश्न स्वतःच्या डेटालाही विचारा: जे सॅम्पलमध्ये नाही, ते का नाही?

दुसरा दावा मात्र मला खोडता आला नाही. मामाच्या मते चढावर वजन मागे सरकतं, म्हणून पकड वाढते. मी मोबाईलवर हिशोब केला. दोन चाकांच्या जोड्यांतलं अंतर सुमारे २.४ मीटर, गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर धरली, चढ दहाला एक. एकूण वजनातलं जेमतेम २ टक्के मागे जातं. एवढ्याने काय होणार? पण मागे तिघं आणि डिकीत सामान म्हणजे सहज दोनशे किलो, आणि त्याचा बहुतेक भार मागच्याच चाकांवर. मारुती ८०० चं सगळं ओढणं पुढच्या चाकांवर. त्यांच्या वाट्याला यातलं फार थोडं येतं. तरी ओल्या घाटात पकडीचा फरक पडेल, दम टाकण्याचा नाही. दम टाकते ती इंजिनची ताकद कमी म्हणून, आणि ८०० चं इंजिन ७९६ सीसीचंच. मामाचं निरीक्षण बरोबर, कारण चुकीचं. माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मीही नेमकं हेच करून बसलोय, असो.

मग मामाने बॉनेट उघडलं. इंजिन लांबीत बसवलेलं, दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी जागा. स्वतःच प्लग काढून पुसून दाखवला. बोलला काहीच नाही.

आईचा फोन आला तेव्हा मी कार्बोरेटरवर टॉर्च धरून उभा होतो.